नकलबॉलवाला आणावा की नवखे जपावेत?

बेसबॉलमध्ये समोरच्या संघाचा नकलबॉल पिचर (जवळपास न फिरणारा चेंडू टाकणारा) तर हवाय, पण बदल्यात होतकरू पोरं द्यायला जीव होत नाही? डिसेंबर 2012 चा सौदा बघा. टोरोंटो ब्लू जेज संघाने न्यूयॉर्क मेट्सकडून 38 वर्षांचा आर. ए. डिकी घेतला; बदल्यात ट्रॅव्हिस डार्नो, नोआ सिंडरगार्ड ही नवखी पोरं वगैरे दिली.

आजचा भरवसा डिकीचा. नुकताच 20 विजय, 6 पराभव करून साय यंग (वर्षातल्या सर्वोत्तम पिचरचा पुरस्कार) पटकावलेला. सिंडरगार्ड मेजर लीगमध्ये (सर्वोच्च पातळीवर) उतरला थेट 2015 मध्ये. पगारात मात्र नवखे कितीतरी स्वस्त.

टिकाऊपणात वय फसवं. नकलबॉल नखांच्या टोकांवर धरून जवळपास न फिरवता सोडतात, हातावर ताण कमी. डिकीने टोरोंटोत पहिले तिन्ही हंगाम 200 च्या वर इनिंग्ज (एक इनिंग म्हणजे तीन बाद) टाकल्या. तुफान वेगाच्या सिंडरगार्डच्या कोपरावर 2020 मध्ये शस्त्रक्रिया झाली.

पण हा चेंडू कुठे वळेल, टाकणाऱ्यालाही ठाऊक नसतं. झेलणाऱ्याचे हाल वेगळेच. म्हणून तर डिकीबरोबर सवयीचा कॅचर जॉश थोलही आणला. आणि साय यंगवाला डिकी टोरोंटोला पुन्हा दिसलाच नाही.

इनिंग्ज ओढणारा माणूस यंदाच हवा असेल तर नकलबॉलवाला घ्या. संघ अजून घडत असेल, तर पोरं सोडू नका: 2015 च्या वर्ल्ड सिरीजमधला (अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेतला) मेट्सचा एकमेव विजय सिंडरगार्डच्या नावावर आहे.