हॉर्मोनच्या औषधांसाठी रत्नागिरीत हेच मेडिकल

बाबांच्या प्रोस्टेट कॅन्सरची औषधं आम्ही इथूनच घेतो आणि डोळे झाकून पाच स्टार. फाईलवर डॉक्टरांनी नुसतं ‘कंबाइन्ड अँड्रोजन ब्लॉकेड’ लिहिलेलं, आईला वाटलं हार्टमधलं ब्लॉकेज, रडायलाच लागली. काउंटरवरच्या ताईंनी गर्दी असूनही तिला बसवून नीट समजावलं. अँड्रोजन म्हणजे पुरुषी हॉर्मोन्स, ग्रीकमध्ये अँड्रोस म्हणजे पुरुषाचा, त्यातलं मुख्य टेस्टोस्टेरॉन, आणि हा कॅन्सर त्याच्यावरच वाढतो म्हणून ते अडवायचं.

बायकॅल्युटामाइडची ५० एमजीची गोळी टेस्टोस्टेरॉन बनणं थांबवत नाही, पेशीत ते जिथे जाऊन बसतं ती जागा धरून ठेवते, एसटीत खिडकीतून रुमाल टाकून सीट पकडतात ना, तसं. ल्युप्रोलाइडचं इंजेक्शन मात्र मेंदूतल्या पिट्युटरीला, म्हणजे वृषणांना टेस्टोस्टेरॉन बनवायला सांगणाऱ्या ग्रंथीला, सारखं डिवचत राहतं, शेवटी ती दाद देईनाशी होते आणि वृषणांतलं टेस्टोस्टेरॉन बनणं बंद पडतं. पण पहिला आठवडा-दोन आठवडे ते उलट वाढतं! कॅन्सर हाडात पसरलेला असेल तर तेव्हा दुखणंही वाढू शकतं, म्हणून गोळी आधी सुरू करायची आणि डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करायची नाही, हे ताईंनी बाबांकडून परत म्हणवून घेतलं. किडनीवरच्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून थोडे अँड्रोजन्स येतच राहतात, तेही गोळी अडवते, दोन्ही बाजूंनी अडवायचं म्हणून कंबाइन्ड.

नंतर मी वाचलं, १९४१ मध्ये शिकागोच्या चार्ल्स हगिन्स यांनी दाखवून दिलं की वृषणं काढली किंवा स्त्री-हॉर्मोन दिलं की हा कॅन्सर मागे हटतो, त्यांना १९६६ चं नोबेल मिळालं. अशी दोन्ही प्रकारची औषधं एकत्र द्यायची ही कल्पना १९८० च्या दशकात कॅनडातल्या क्युबेकच्या फर्नांड लाब्री यांनी पुढे आणली.

आमचं इंजेक्शन २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं आणि पावसाळ्यात आपल्याकडे लाईटचं काय होतं सगळ्यांना माहितीये, इथे फ्रिज इन्व्हर्टरवर आहे, गावापर्यंत न्यायला आइस पॅक घालून थर्माकोलचा डबा देतात, त्याचे वेगळे पैसे नाहीत. आधी एका दुसऱ्या दुकानातून तेच इंजेक्शन साध्या पिशवीत मिळालेलं, भर मे महिन्यात.

पार्किंग अजिबात नाही, रविवारी बंद. इंजेक्शन बाहेरून मागवावं लागतं, तारखेच्या चार-पाच दिवस आधी फोन करून ठेवा.