डंपस्टर भाड्यानं घेताना: मागचं दार हवंच का?

अमेरिकेत जुनं घर घेतलं की वर्षभरात कधीतरी डंपस्टरचा, म्हणजे कचऱ्यासाठी भाड्यानं मिळणाऱ्या मोठ्या लोखंडी डब्याचा, विषय निघतोच. किचन काढायचं असतं, बेसमेंटमधलं कुबट कार्पेट उपटायचं असतं, नाहीतर आधीच्या मालकानं गॅरेजमध्ये सोडून दिलेला पसारा हलवायचा असतो. पुण्यात असतो तर भंगारवाल्याला हाक मारली असती आणि त्यानंच वर चार पैसे हातावर ठेवले असते. इथे टाकायचेच पैसे पडतात, तेही वजनावर. म्हणून फोन फिरवण्याआधी थोडा हिशेब केलेला बरा.

फोनवर तिकडून दोन गोष्टी विचारतात: किती यार्डाचा हवा आणि किती दिवस. मागचं दार उघडून आत चालत जाता येतं का, हे मात्र आपणच विचारावं लागतं. माझ्या मते पाच यार्ड इकडे की तिकडे यापेक्षा हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

आधी मापं. इथला यार्ड म्हणजे क्यूबिक यार्ड, २७ घनफूट. १० यार्डाचा डबा साधारण १२ ते १४ फूट लांब, आठेक फूट रुंद आणि साडेतीन-चार फूट उंच. २० यार्डाचा २२ फूट लांब, उंची चार-साडेचार फूट. गंमत पुढे आहे. ३० आणि ४० यार्डाचे डबेही साधारण २२ फूट लांब आणि आठ फूट रुंदच असतात, फक्त भिंती वाढत जातात: ३० ला सहा फूट, ४० ला आठ फूट. म्हणजे मोठा डबा घेतला तरी तळाची जागा तेवढीच राहते, आणि वस्तू डोक्यावरून पलीकडे टाकायची पाळी येते.

दार कसं असतं ते एकदा बघून घ्या. डब्याची मागची अख्खी भिंत एका बाजूला बिजागरीवर असते. दुसऱ्या बाजूला जाडजूड खटका आणि बहुधा एक साखळी. खटका सोडला की आठ फुटी दार गोल फिरून डब्याच्या बाजूला जाऊन टेकतं, तिथे ते साखळीनं अडकवून ठेवायचं. वाऱ्यानं ते परत फिरलं तर बोटं चेंगरायला वेळ लागत नाही. आतला तळ जमिनीपासून काही इंच वर असतो, कारण खाली लोखंडी रूळ असतात. प्लायवुडचा एक तुकडा उताराला लावला की डॉली, म्हणजे सामान वाहायची चाकांची गाडी, सरळ आत जाते. मोठ्या रोल-ऑफना (ट्रकवरून घसरवून उतरवतात ते डबे) असं दार बहुतेक असतंच. घोळ होतो तो छोट्या डब्यांत आणि ट्रेलरवरच्या डंपस्टरमध्ये. काहींना दार नसतंच, तर काहींचं मागचं फाळकं वरून टांगलेलं असतं आणि फक्त माल ओततानाच उघडतं. जाहिरातीतला फोटो मागच्या बाजूनं काढलेला नसेल तर विचारून घ्या.

कोणत्या कामाला दार, कोणत्या कामाला नको

छप्पर बदलत असाल तर दाराचा काडीचा उपयोग नाही. शिंगल्स, म्हणजे छपरावरच्या डांबरी चकत्या, वरून थेट डब्यात पडतात. तिथे बघायचं ते वजन. साध्या शिंगल्सचे १०० चौरस फूट म्हणजे २०० ते २५० पौंड. २००० चौरस फुटांचं एक थर असलेलं छप्पर उतरवलं की दोन-अडीच टन झाले, खाली दुसरा थर निघाला तर त्याच्या दुप्पट. (इथला टन २००० पौंडांचा, म्हणजे ९०७ किलोंचा.) २० यार्डाच्या भाड्यात साधारण दोन ते तीन टन वजन धरलेलं असतं. म्हणजे डबा अर्धाही भरलेला दिसत नाही आणि वजनाची मर्यादा संपलेली असते.

बागेच्या फांद्या, पानं, जुन्या कुंपणाच्या फळ्या यांनाही दार लागत नाही. हलका माल आहे, भिंतीवरून फेकता येतो.

घर रिकामं करायचं असेल तर मात्र दार हवंच. सोफा-कम-बेडच्या आत लोखंडी सांगाडा असतो, तो दोघांनी मिळून चार फूट उंच भिंतीवरून पलीकडे घालायचा म्हणजे कंबरेची हमी नाही. ओतीव लोखंडाचा जुना बाथटब सहज ३०० पौंड भरतो. किचनची कपाटं, वॉशर, ड्रेसर, पिंगपाँगचं टेबल या वस्तू दारातून ढकलत आत नेता येतात, उचलाव्या लागत नाहीत. मदतीला मित्रमंडळी येणार असली तरी ती दुपारी दोनपर्यंतच उत्साहात असतात, हे लक्षात ठेवा.

एक जागा अशी आहे जिथे लोक हमखास चुकीचा अंदाज बांधतात. फोडलेलं काँक्रीट किंवा माती टाकायची असेल तर कंपन्या १० यार्डाचा डबाच देतात आणि तोही काठोकाठ भरू देत नाहीत, कारण अखंड काँक्रीटचा एक क्यूबिक यार्ड साधारण दोन टनांचा असतो. डबा बुटका आहे, दाराचं काय काम, असं वाटतं. पण भरलेली व्हीलबॅरो (एकचाकी हातगाडी) चार फूट वर कशी नेणार? घमेल्यानं टाकत बसलात तर दोन दिवस जातील. दार असेल तर फळी टाकून व्हीलबॅरो थेट आत जाते. माझ्या लेखी, सगळ्यात छोट्या डब्याला दार सगळ्यात जास्त लागतं ते इथे.

दाराचा दुसरा फायदा रचण्यात आहे. भिंतीवरून फेकलेली वस्तू पडेल तशी पडते, खाली पोकळ्या राहतात. आत उभं राहून रचलं तर पलंगाच्या पाट्या भिंतीला उभ्या टेकवता येतात, कपाटांच्या पोटात छोटं सामान कोंबता येतं, कार्पेटच्या गुंडाळ्या फटींत बसतात. पलीकडच्या टोकापासून दाराकडे भरत यायचं. दारापर्यंत माल आला की दार लावायचं आणि उरलेलं वरून टाकायचं. म्हणजे दाराचा उपयोग साधारण पहिल्या दोन-तृतीयांश कामापर्यंतच. एकदा भरून लावलेलं दार परत उघडायला जाऊ नका. आतला माल दारावर रेललेला असतो, आणि तसंच उघडावं लागलं तर समोर उभं न राहता बाजूनं खटका काढा.

मात्र नीट रचलं की तेवढ्याच डब्यात जास्त माल बसतो, म्हणजे वजनही वाढतं. १९५० च्या आधीच्या घरांत भिंतीला ड्रायवॉलऐवजी (जिप्समच्या तयार पातळ तक्त्यांऐवजी) लाकडी पट्ट्यांवर चुन्याचं प्लास्टर सापडतं, आणि ते ड्रायवॉलच्या चार-पाच पट जड असतं. त्यात पाऊस आला तर कार्पेट आणि ड्रायवॉल पाणी पितात, त्या पाण्याचंही वजन काट्यावर येतं. मर्यादेपेक्षा जास्त झालेल्या दर टनाला साधारण शंभर डॉलरच्या आगेमागे पडतात, काही भागांत बरेच जास्त. पन्नास डॉलरची ताडपत्री इथे स्वस्तच म्हणायची.

बॅग, उचलून नेणारे, आणि आपला डबा

डंपस्टरच कशाला, असाही एक पर्याय आहे. होम डेपो किंवा लोझ या घरदुरुस्तीच्या सामानाच्या दुकानांत बॅगस्टर नावाची दुमडलेली पिशवी मिळते. उघडली की ८ फूट बाय ४ फूट, अडीच फूट उंच. तीन यार्ड माल, ३३०० पौंडांपर्यंत. पिशवी स्वस्त, तीसेक डॉलरची, पण उचलून न्यायचे पैसे वेगळे आणि खरा खर्च तोच. एका बाथरूमच्या फरश्या, टॉयलेट आणि थोडं ड्रायवॉल एवढंच असेल तर यापेक्षा सोयीचं काही नाही: भिंत गुडघ्याच्या थोडी वर, दाराची गरजच नाही, भरायलाही दिवसांचं बंधन नाही. पण ट्रकवरच्या क्रेननं ती उचलतात, म्हणून वर तारा किंवा फांद्या नकोत, आणि पिशवी रस्त्याच्या कडेपासून फार आत नको. भरल्यावर जागची हलत नाही. यार्डामागे हिशेब केला तर डंपस्टरपेक्षा महागच पडते, त्यामुळे दोन पिशव्या लागतील असं दिसलं तर सरळ १० यार्डाचा डबा मागवा.

दुसरा पर्याय म्हणजे घरात येऊन सामान उचलून नेणारी माणसं. ट्रकचा किती भाग भरला त्यावर पैसे. पूर्ण ट्रक पंधराएक यार्डांचा, आणि त्याला बऱ्याच शहरांत ६०० डॉलरच्या पुढे पडतात. दारवाल्या २० यार्ड डंपस्टरला साधारण ४०० ते ६०० पडतात, जागेनुसार कमीजास्त. म्हणजे मजुरी धरून फरक वाटतो तेवढा नाही. इथे स्वतःला एकच विचारायचं: वस्तू जिन्यावरून खाली कोण आणणार? डब्याच्या दाराचा फायदा ड्राइव्हवेवर, म्हणजे घरासमोरच्या गाडीच्या वाटेवर, सुरू होतो. दुसऱ्या मजल्यावरचा फ्रीज तिथपर्यंत आणायला माणसं नसतील, किंवा आईवडील भारतातून आलेत आणि तेच ‘आम्ही धरतो की’ म्हणून पुढे होतायत, तर उचलून नेणारेच बोलवा. एका दिवसात घर मोकळं. उलट काम दोन वीकेंड चालणार असेल, रोज थोडं थोडं पाडायचं असेल, तर घरासमोर उभा असलेला डबाच हवा.

आणि या सगळ्याच्या आधी चांगलं सामान वेगळं काढा. हॅबिटॅट या सेवाभावी संस्थेच्या रीस्टोअर नावाच्या जुन्या सामानाच्या दुकानांत धड असलेली कपाटं, दारं, दिवे घेतात, बऱ्याच ठिकाणी घरी येऊन नेतात. फेसबुक मार्केटप्लेसवर ‘फ्री’ लिहून टाकलेला ट्रेडमिल संध्याकाळपर्यंत गेलेला असतो. अनेक टाऊनशिप (इथल्या स्थानिक नगरपालिका) वर्षातून काही वेळा मोठं सामान फुकट उचलतात, त्याची तारीख बघितली तर २० चा डबा १५ वर येऊ शकतो. आपल्याला वस्तू टाकवत नाही ही खोड इथे एकदाच उपयोगी पडते.

रंगाचे डबे, बॅटऱ्या, टायर, गॅसच्या टाक्या डंपस्टरमध्ये चालत नाहीत. फ्रीज आणि एसीमधला वायू आधी काढून घ्यावा लागतो. न्यू जर्सीत टीव्ही आणि कॉम्प्युटर २०११ पासून कचऱ्यात टाकायला बंदी आहे, मॅसॅच्युसेट्समध्ये नोव्हेंबर २०२२ पासून गाद्या आणि कपड्यांनाही. जुन्या बेसमेंटमध्ये नऊ इंची चौकोनी फरश्या दिसल्या तर तपासणी झाल्याशिवाय उखडू नका, त्यांत ॲस्बेस्टॉस, म्हणजे फुफ्फुसांना घातक तंतू, असण्याची शक्यता मोठी.

ठेवायचा कुठे

दारवाला डबा घेऊन ते दारच उघडता न येणं, हा प्रकार वाटतो त्यापेक्षा जास्त वेळा घडतो. रोल-ऑफचा ट्रक ड्राइव्हवेत उलटा येतो आणि डबा मागच्या टोकानं खाली सरकवतो. दार त्याच टोकाला. म्हणजे दार आपोआप घराकडे येतं, जे आपल्याला हवंच असतं. पण ‘होईल तेवढा आत ठेवा’ असं ड्रायव्हरला सांगितलंत की तो डबा गॅरेजपासून तीन फुटांवर आणून ठेवतो. आठ फुटी दार फिरणार कुठे? गॅरेज आणि डबा यांच्यात किमान दहा फूट सोडायला सांगा. जागाच नसेल तर दोन पाखांचं दार असलेला डबा मिळतो का ते विचारा, त्याला निम्मी जागा पुरते. दार ज्या बाजूला फिरणार तिथे गाडी किंवा कुंपण नको. डबा एकदा टेकला की तुम्ही-आम्ही दहाजणांनी ढकलूनही हलत नाही, आणि ट्रक परत बोलावला की त्या फेरीचे पैसे.

ट्रकला सरळ रेषेत साधारण ६० फूट जागा लागते आणि डबा उतरवताना वर वीस-पंचवीस फूट मोकळं आकाश. ड्राइव्हवे चढाचा असेल तर दार उताराच्या बाजूला येऊ देऊ नका. उघडलं की माल तुमच्या अंगावर सरकणार. डांबरी ड्राइव्हवेवर रुळांखाली आणि चाकांखाली फळ्या टाकायला सांगा, विशेषतः उन्हाळ्यात, तापलेल्या डांबरात खड्डे पडतात. रबरी चाकांच्या ट्रेलरवर येणारे छोटे डंपस्टर या बाबतीत सौम्य. त्यांना जागाही कमी लागते, आणि दार असेल तर १० ते १५ यार्डाच्या कामाला मी तेच घेईन.

ड्राइव्हवे नसेल आणि डबा रस्त्यावर ठेवायचा असेल तर टाऊनशिपचं पर्मिट लागतं, एचओए (वसाहतीतल्या घरमालकांची संघटना) असेल तर त्यांचीही परवानगी. रस्त्यावर दार रहदारीकडे उघडत नाही ना, ते बघा. आणि रात्री दार लावून खटका घाला. उघडा डबा दिसला की शेजारपाजारचे आपल्या गाद्या त्यात आणून टाकतात, आणि त्यांच्या गादीचे पैसे तुमच्या बिलात येतात.

न्यायच्या दिवशी माल काठाच्या वर आलेला नको आणि दार पूर्ण लागलेलं हवं. एखादी फळी फटीत अडकून दार चार इंच उघडं राहिलं तरी ड्रायव्हर डबा उचलत नाही. म्हणून दार लावायच्या वेळी घाई न करता उंबऱ्यावरचे खिळे आणि चुरा झाडून घ्या, खटका पूर्ण बसल्याचं बघा, आणि मगच वरून टाकायला सुरुवात करा. नंतर दुरुस्त करायचं म्हटलं तर अर्धा डबा उपसावा लागतो.