चार मिलिमीटरची स्लीव्ह आणि ट्राय-अँगची जिंटी: आठ महिन्यांचा अनुभव

दुरुस्तीहून मॉडेल रेल्वेचं इंजिन परत आलं त्याच संध्याकाळी ते रुळांवर ठेवलं, कंट्रोलरची मूठ पावभर फिरवली आणि शॉर्ट सर्किटचा लाल दिवा लागला. महिनाभरापूर्वी लागला होता तोच. ज्याच्यासाठी इंजिन दुरुस्तीला पाठवलं होतं तोच. मधल्या काळात आर्मेचर, म्हणजे मोटरचा तारेचे वेढे असलेला फिरता भाग, नवं बसलं होतं, त्याला वीज पोचवणारे दोन्ही ब्रश नवे आले होते आणि बिल इंजिनाच्या किमतीच्या निम्म्याच्या वर गेलं होतं. त्या रात्री मी पहिल्यांदा स्वतः मोटर उघडली. ती आधीच उघडली असती तर पैसेही वाचले असते आणि महिनाही.

इंजिन म्हणजे ट्राय-अँग या ब्रिटिश कंपनीची जिंटी, कॅटलॉगमध्ये आर-५२, कुशीवर ४७६०६ क्रमांक, काळा रंग, आत एक्स-०४ मोटर. जुन्या मॉडेलांच्या नादी लागलेल्या प्रत्येकाला ती माहीत असते, त्यामुळे ओळखपाळख करत बसत नाही. खऱ्या जिंट्या, म्हणजे ब्रिटनच्या एलएमएस रेल्वेची छोटी वाफेची इंजिनं, १९२४ ते १९३१ या काळात ४२२ बांधल्या गेल्या आणि त्यातल्या कित्येकींचा जन्म शंटिंगमध्ये गेला. माझीही तेच करते. एक लंबगोल मार्ग, त्याला लागून तीन सांध्यांचं, म्हणजे गाडी दुसऱ्या रुळावर वळवणाऱ्या जोडांचं, यार्ड, आणि वाघिणी या रुळावरून त्या रुळावर. आठ महिने, जवळजवळ रोज अर्धा तास.

इंजिन जुनंच घेतलं होतं. आल्या आल्या पहिलं काम केलं ते खालची चौकट भिंगाखाली बघण्याचं. अशा मॉडेलांच्या चौकटी जस्ताच्या मिश्रधातूच्या, म्हणजे मझॅकच्या. ओतताना त्यात शिसं मिसळलं गेलं असेल तर धातू आतल्या आत कुजतो, फुगतो, त्याला बारीक तडे जातात आणि शेवटी हातात भुगा येतो. त्यावर इलाज नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या मॉडेलांत हे दुखणं जास्त आढळतं. माझी चौकट धडधाकट निघाली. गिअरमधलं जुनं ग्रीस मात्र मेणासारखं थिजलं होतं. ते लाकडी काडीने खरवडून काढलं, बेअरिंगशेजारच्या फेल्टच्या तुकड्यांवर पातळ मशीन ऑइलचा एकेक थेंब सोडला, आणि इंजिन चाललं. आवाज घरघरीचा, पण चाल एकसारखी. पहिला महिना आनंदात गेला.

दुसऱ्या महिन्यात दिवा लागायला लागला. आधी अधूनमधून, मग रुळावर ठेवलं की लगेच. शॉर्ट आहे एवढं कळत होतं. जुन्या मोटरला आपण हात लावून बिघडवण्यापेक्षा जाणत्याला द्यावी, असं वाटून दुरुस्तीला पाठवली. त्यांचा फोन आला, "आर्मेचर गेलंय, बदलावं लागेल." मी विचारलं, "रीडिंग किती येतंय?" त्यावर, "अहो, इतकी जुनी मोटर, जाणारच की," एवढंच उत्तर. मी हो म्हटलं. मात्र जुनं आर्मेचर परत हवं, असं ठासून सांगितलं. काढलेला सुटा भाग परत मागायची मला सवयच आहे. पैसे दिलेत ते नव्या भागाचे, जुना आपलाच असतो.

आता ती स्लीव्ह. हा लेख खरं तर तिच्यासाठीच आहे, त्यामुळे जरा सविस्तर सांगतो.

एक्स-०४ मध्ये दोन ब्रश कॉम्युटेटरला, म्हणजे आर्मेचरच्या टोकाशी असलेल्या तांब्याच्या गोल तुकड्यांना, दोन बाजूंनी दाबून धरायला एकच तारेची स्प्रिंग आहे, चिमट्यासारखी. तिचा एक पाय एका ब्रशवर आणि दुसरा पाय दुसऱ्यावर. या इंजिनात विजेची एक बाजू सगळ्या चौकटीतून वाहते आणि एक ब्रश थेट चौकटीला जोडलेला असतो. दुसरा ब्रश चौकटीपासून अलग ठेवलेला. त्याला पलीकडच्या चाकांवर घासणाऱ्या पत्र्यांकडून वायर येते. स्प्रिंग आहे धातूची, आणि ती दोन्ही ब्रशना टेकते. मग वीज आर्मेचरच्या बारीक तारेच्या वेढ्यांतून कशाला जाईल? सरळ स्प्रिंगमधून पलीकडे जाईल. तसं होऊ नये म्हणून स्प्रिंगच्या एका पायावर एक इवलीशी स्लीव्ह, म्हणजे वीज वाहू न देणारी नळी, चढवलेली असते. चारेक मिलिमीटर लांब, तांदळाच्या दाण्याएवढी. सगळ्या इंजिनाचं चालणं त्या नळीवर अवलंबून आहे.

माझ्या मोटरमध्ये ती चिरली होती. भिंगाखाली धरल्यावर दिसलं की तारेच्या बाजूने उभी चीर गेलीय, कडा करपून तपकिरी झाल्यात आणि ब्रशच्या खाचेत टेकतो नेमक्या त्या जागी उघडी तार चमकतेय. दुरुस्तीवाल्यांनी नवं आर्मेचर बसवलं, नवे ब्रश बसवले आणि हीच स्प्रिंग, हीच चिरकी स्लीव्ह परत वर चढवली. ब्रश बदलताना ही स्प्रिंग काढावीच लागते. म्हणजे ती त्यांच्या चिमट्यात होती, डोळ्यांसमोर होती. मला राग आला तो याचा. चूक कुणाचीही होऊ शकते, पण रुळावर एकदा चालवून न बघता इंजिन खोक्यात भरायचं आणि बिल लावायचं, हे मला पटत नाही. फोन केला तर "आमच्याकडे चालत होतं" हे उत्तर. परत पाठवा म्हणाले, पाठवण्याचा खर्च माझा. मी नाही पाठवलं.

ही तपासणी मल्टिमीटरने दोन मिनिटांत होते. अलग असलेल्या ब्रशवर एक टोक, चौकटीवर दुसरं. रीडिंग जवळजवळ शून्य आलं, तर स्प्रिंग काढून पुन्हा बघा. आता काही ओहम दाखवायला लागला तर आर्मेचरला दोष देऊ नका, स्लीव्ह बघा. आर्मेचरची परीक्षा वेगळी. कॉम्युटेटरचे तीन तुकडे असतात, त्यांच्यातल्या दोन-दोन तुकड्यांमध्ये मोजायचं. तिन्ही रीडिंग सारखी आली आणि कुठलाच तुकडा मधल्या दांड्याशी जोडलेला दिसला नाही, तर आर्मेचर ठणठणीत.

स्लीव्ह मी घरातल्या एका बारीक वायरचं वेष्टण सोलून केली. आतली तांब्याची तार ओढून काढली, उरलेली नळी ब्लेडने कापली आणि स्प्रिंगच्या पायावर सरकवली. खर्च शून्य. इंजिन चाललं. पण साध्या पीव्हीसीचं वेष्टण उष्णतेने मऊ पडतं आणि स्प्रिंग त्यात रुतत जाते. तीन आठवड्यांनी तशी खूण दिसली तेव्हा उष्णता सोसणाऱ्या, काचतंतूच्या बारीक स्लीव्हचा तुकडा घातला. तो पाच महिने झाले तसाच आहे. आणखी एक. शॉर्टच्या काळात ती स्प्रिंग तापून ढिली पडलेली असते. ब्रशवर दाब कमी, म्हणजे ठिणग्या जास्त, म्हणजे कॉम्युटेटर काळा. स्लीव्ह बदलताना स्प्रिंगही नवी घाला, तिथे काटकसर नको.

आता चुंबकाबद्दल, कारण यात माझं मत दोनदा बदललं.

मूळ चुंबक अल्निकोचं, म्हणजे अॅल्युमिनियम, निकेल, कोबाल्ट आणि लोखंडाचं. काळाबरोबर ते थोडं क्षीण होतं, पण खरं नुकसान होतं ते कुणी मोटर उघडून चुंबक नुसतंच बाजूला काढून ठेवलं तर. दोन ध्रुवांना जोडणारा लोखंडाचा तुकडा लावल्याशिवाय अल्निको काढू नये, त्याचं बळ उतरतं. माझ्या मोटरच्या बाबतीत कुणीतरी कधीतरी तेच केलेलं असणार. इंजिन नुसतं धावताना पाऊण अँपिअर ओढत होतं आणि दहा मिनिटांत वरचं प्लॅस्टिक हाताला गरम लागत होतं. म्हणून निओडिमियमचं छोटं चुंबक आणि मोकळी जागा भरायला लोखंडी तुकडे बसवले. वीज निम्म्यावर आली. इंजिनाचा वेग कमी झाला आणि ओढ वाढली. चुंबक जोरदार असलं की मोटर कमी फेऱ्यांत जास्त जोर देते. शंटिंगच्या इंजिनाला आणखी काय हवं? हा जगातला सर्वोत्तम सुधार आहे, असं मी वहीत लिहून ठेवलं होतं.

मग महिन्याभराने एकेक वाघीण हळूच जोडायला लागलो तेव्हा कळलं की अगदी कमी वेगात इंजिन टप्प्याटप्प्याने सरकतं. आर्मेचरला तीनच ध्रुव. जोरदार चुंबक प्रत्येक ध्रुवाला धरून ठेवतं आणि मग सोडतं. जुन्या चुंबकावर ही गुचकी जवळजवळ नव्हती. तेव्हा वाटलं, मूळचंच बरं होतं. शेवटी लोखंडी तुकड्यांपैकी एक पातळ करून मध्ये कागदाएवढी फट ठेवली, म्हणजे चुंबकाचा जोर थोडा मारला. आता गुचकी नावापुरती आणि वीज अजूनही जुन्यापेक्षा कमी. त्यामुळे माझं आजचं मत असं: चुंबक खरंच मेलेलं असेल तरच निओडिमियम घाला, आणि घातलं तर सगळ्यात जोरदार शोधू नका. बसवताना ध्रुव उलटे झाले तर इंजिन उलट्या दिशेने धावेल. रूढ पद्धत अशी की उजव्या रुळाला धन टोक दिलं की इंजिन पुढे जायला हवं. नेहमीचं निओडिमियम चुंबक ८० अंश सेल्सिअसच्या वर कायमचं कमजोर होतं, म्हणून झाळताना ते काढून ठेवा.

रूळ साफ करण्याबाबतही मी मत बदललं. सुरुवातीला घासायचं खोडरबर वापरायचो. रूळ लख्ख दिसतात, पण बारीक ओरखडे पडतात आणि त्यात काजळी लवकर भरते. मग आयसोप्रोपिल अल्कोहोल. ते चांगलं साफ करतं, पण चार दिवसांत पुन्हा काळं. सध्या अल्कोहोलनंतर मिनरल टर्पेंटाइनचं फडकं फिरवतो, कोरडं पुसतो, आणि तीन-तीन आठवडे बघावं लागत नाही. चाक आणि रूळ यांच्यातल्या सूक्ष्म ठिणग्यांनी काळा थर बसतो, आणि मागे कुठलं द्रव उरतं त्यावर तो किती लवकर बसेल ते ठरतं, हे मला माझ्याच रुळांवर दिसलं. टर्पेंटाइन प्लॅस्टिकच्या बॉडीला मात्र लागू देत नाही.

जिंटीची चाकं ही एक मर्यादा आहे आणि ती मान्य करूनच हे इंजिन घ्यावं. जुन्या चाकांच्या कडा खोल आणि दोन चाकांमधलं आतलं अंतर आजच्यापेक्षा कमी. आजची १६.५ मिलिमीटरच्या रुळांवरची ओओ (मॉडेलांचं एक ब्रिटिश प्रमाण) चाकं साधारण १४.५ मिलिमीटर अंतर धरून असतात. कोड १०० चे रूळ २.५४ मिलिमीटर उंच असतात, त्यांच्यावर ही सुखाने चालते. कोड ७५ म्हणजे जेमतेम १.९ मिलिमीटर. एका सांध्याला मी ते रूळ हौसेने घातले होते, तिथे कडा रुळाच्या पकडींवर टकटक आपटायच्या आणि सांध्याच्या फुलीवर इंजिन उडायचं. चाकं अॅक्सलवरून सरकवून अंतर वाढवण्याचा मोह झाला. पण दोन बाजूंच्या चाकांवरच्या, दांडे जोडायच्या खुंट्या एकमेकींशी ९० अंशांत असाव्या लागतात, तो कोन जरा चुकला की सगळं लंगडतं. शिवाय सरकवलेलं चाक अॅक्सलला पूर्वीसारखं घट्ट बसेल याची खात्री नाही. मी चाकांना हात लावला नाही, सांधा बदलला. सांधा पुन्हा विकत मिळतो.

डिजिटल कंट्रोल बसवू का, असं एकदोघांनी विचारलं. त्यासाठी दोन्ही ब्रश चौकटीपासून अलग करावे लागतात. होतं ते काम, पण मी करणार नाही. साध्या १२ व्होल्टवर नऊ वाघिणी घेऊन ती यार्डाच्या चढावरून सावकाश वर जाते, चाकं न घसरता, आणि मला त्याहून जास्त काही नको आहे. रात्री दिवे मालवून चालवली की ब्रशपाशी निळसर ठिणगी दिसते, आता अगदी बारीक. ती मोठी दिसली तर उद्या कॉम्युटेटर साफ करायचा, एवढंच वेळापत्रक. कॉम्युटेटरच्या तीन फटींत साचलेला कार्बन लाकडी काडीने काढायचा, सुईने नाही. सुईने तांब्याच्या कडा उचलल्या जातात.

आणि ते परत मागून घेतलेलं जुनं आर्मेचर. कागदात गुंडाळलेलं खोक्याच्या तळाशी आलं होतं. स्लीव्ह सापडल्यावर ते बाहेर काढून मोजलं. तिन्ही रीडिंग तंतोतंत सारखी, दांड्याशी कुठे संबंध नाही. ते गेलेलं नव्हतंच. मागच्या महिन्यात मोडक्या बॉडीची दुसरी एक चौकट मिळाली, आर्मेचर नसलेली. त्यात ते बसवलं, नवी स्प्रिंग, नवी स्लीव्ह. पहिल्या झटक्यात फिरलं. आता बॉडी शोधतोय.