एमएस-सीआयटी, सीसीसी की कॉलेजचाच पेपर? संगणक शिकायचा कुठे?

पहिल्या वर्षाचे प्रवेश सुरू झाले की मुलं-मुली कॉम्प्युटर लॅबच्या दारात एकच प्रश्न घेऊन येतात: "सर, एमएस-सीआयटी करू की सीसीसी?" ही दोन्ही संगणकाची प्राथमिक प्रमाणपत्रं. हल्ली या प्रश्नाला एक पुस्ती जोडलेली असते. नव्या शैक्षणिक धोरणामुळे कॉलेजच्या अभ्यासक्रमातच संगणकाचा पेपर आलाय, मग बाहेर पैसे भरायचेच कशाला? प्रश्न रास्त आहे. पण उत्तराआधी मी उलट विचारतो: "घरी कॉम्प्युटर आहे का? नसेल तर रोज तासभर कुठे मिळेल का?" माझ्या मते सगळा निर्णय इथेच ठरतो. प्रमाणपत्र काय, मिळून जातं. हात कीबोर्डवर किती तास पडणार, हे मात्र प्रत्येक वाटेवर वेगळं आहे, आणि पुढे नोकरीत उपयोगी पडतात ते हे तास.

आधी कागदाचं पाहू

सरकारी नोकरी डोक्यात असेल तर चित्र अगदी स्पष्ट आहे. तलाठी, जिल्हा परिषद, महापालिका अशा भरतीच्या जाहिरातींत संगणक अर्हतेचा एक ठरलेला परिच्छेद असतो. त्यात डीओईएसीसी सोसायटीची सीसीसी किंवा ओ, ए, बी, सी स्तरांपैकी एखादी परीक्षा, नाहीतर एमएस-सीआयटी, असे पर्याय दिलेले असतात. डीओईएसीसी म्हणजेच आजची नायलिट, केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाखालची संस्था. २०११ मध्ये नाव बदललं, जाहिरातीत जुनंच राहिलं. म्हणजे या कामासाठी सीसीसी आणि एमएस-सीआयटी दोन्ही चालतात, एक वरचढ आणि एक कमी असं काही नाही. प्रशिक्षण केंद्रवाल्यांनी कितीही सांगितलं तरी त्यावर जाऊ नका, जाहिरात स्वतः वाचा.

त्याच जाहिरातींत बहुतेक वेळा आणखी एक ओळ असते, ती मुलं वाचतच नाहीत: हे प्रमाणपत्र नसेल तर नेमणुकीच्या तारखेपासून दोन वर्षांच्या आत मिळवावं लागेल. ही सवलत असलेल्या भरतीसाठी घाबरून शेवटच्या आठवड्यात कुठेही पैसे भरायची गरज नाही.

कॉलेजच्या पेपरचे गुण मात्र या परिच्छेदात बसत नाहीत. गुणपत्रिकेवर 'ऑफिस ऑटोमेशन' असा विषय आणि त्यापुढे चांगली श्रेणी असली, तरी ती सीसीसी किंवा एमएस-सीआयटीची जागा घेत नाही. खासगी नोकरीत याच्या उलट. तिथे प्रमाणपत्र कोणी फारसं पाहत नाही. समोर एक्सेलची फाइल ठेवतात आणि "एवढं करून दाखव" म्हणतात.

एमएस-सीआयटी: पैसे जास्त, पण खुर्ची तुमची

एमएस-सीआयटी २००१ पासून सुरू आहे. महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, ती गावोगावच्या अधिकृत केंद्रांमार्फत चालवते. फी पाच हजारांच्या आसपास जाते. नक्की आकडा आणि हप्त्यांची सोय केंद्रावर विचारा. रोज दोन तास धरले तर साधारण दोन महिन्यांत अभ्यासक्रम होतो. १०० पैकी ५० गुण 'एरा' या त्यांच्या सॉफ्टवेअरवर केलेल्या रोजच्या कामाला आणि ५० गुण शेवटच्या ऑनलाइन परीक्षेला. शिकवणी मराठीत मिळते, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलासाठी ही मोठीच गोष्ट आहे. 'फॉरमॅट पेंटर' म्हणजे काय हे आपल्या भाषेत एकदा कळलं की इंग्रजी मेनूची भीती निम्मी होते.

याचं खरं मोल मात्र दुसरीकडे आहे. रोज ठरलेल्या वेळी एक मशीन फक्त तुमचं असतं. सहा दिवसांचा आठवडा धरा, शंभर तासांच्या आसपास सराव होतो. ज्याच्या घरी कॉम्प्युटर नाही, त्याला हे शंभर तास दुसरीकडे कुठे मिळणार? पाच हजारांतला बराचसा भाग या खुर्चीचा आहे असं समजा, मग फी महाग वाटत नाही.

उणीव आहे ती 'एरा'च्या रचनेतच. स्क्रीनवर सूचना येते, सांगितलेल्या बटणावर क्लिक केलं की पुढचा टप्पा उघडतो. काही मुलं नुसतं 'नेक्स्ट-नेक्स्ट' करत जातात, गुणही मिळतात, आणि कोरं वर्ड पान समोर आलं की हात थांबतो. केंद्रचालक चांगला असेल तर तो सत्र संपल्यावर अर्धा तास खरी फाइल करायला लावतो. नसेल तर ते तुम्हाला स्वतःच करावं लागेल.

सीसीसी: स्वस्त, पण शिकवणारं कोणी नाही

सीसीसी म्हणजे कोर्स ऑन कॉम्प्युटर कन्सेप्ट्स. परीक्षा शुल्क ५०० रुपये आणि त्यावर जीएसटी, असे ५९० रुपये. अर्ज भरायच्या दिवशी नायलिटच्या संकेतस्थळावर ताजा आकडा पाहून घ्या. शिक्षणाची अट नाही, संस्थेत नाव न घालता थेट अर्ज करता येतो. ९० मिनिटांत १०० वस्तुनिष्ठ प्रश्न, चुकीला गुण कापत नाहीत, आणि ५० टक्क्यांना पास.

अभ्यासक्रम कागदावर ८० तासांचा आहे: २५ तास सिद्धांत, ५ तास शंकानिरसन, ५० तास प्रात्यक्षिक. थेट अर्ज करणाऱ्याला हे ५० तास कोणीच देत नाही. ते त्याने स्वतः मिळवायचे असतात, आणि परीक्षा वस्तुनिष्ठ असल्यामुळे ते न मिळवताही पास होता येतं. प्रश्नसंच पाठ केले की काम भागतं. म्हणून सीसीसीचं प्रमाणपत्र हातात असूनही टेबलला साधी बेरीज लावता न येणारी मुलं भेटतात. दोष परीक्षेचा म्हणण्यापेक्षा वाटेचा आहे.

दुसरी गोष्ट सॉफ्टवेअरची. सीसीसीच्या आजच्या अभ्यासक्रमात लिबरऑफिस आहे: रायटर, कॅल्क आणि इम्प्रेस. वर्ड-एक्सेलची सवय असलेला माणूस सुरुवातीला बिचकतो, कारण वरची पट्टी वेगळी दिसते. पण बेरजेचं सूत्र तेच, मेल मर्ज (एकाच मजकुरात यादीतली नावं आपोआप घालणं) तेच, स्टाइलची कल्पनाही तीच. एकावर हात बसला की दुसरं आठवड्यात जमतं. शिवाय लिबरऑफिस फुकट आहे आणि जुन्या, कमी मेमरीच्या मशीनवरही चालतं. घरी कोणाचा तरी जुना लॅपटॉप पडून असेल तर हीच वाट सोयीची.

एक सावधगिरी बाळगा. 'सीसीसी' किंवा त्याच्या आसपासच्या नावाचे खासगी कोर्स बरेच आहेत. प्रमाणपत्र नायलिटचं नसेल तर भरतीत त्याचा उपयोग नाही. पैसे भरण्याआधी एवढंच विचारा: प्रमाणपत्रावर नाव कोणत्या संस्थेचं असेल?

कॉलेजचा पेपर

राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांत २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांत २०२४-२५ पासून नवी श्रेयांक (क्रेडिट) पद्धत आली. कौशल्य अभ्यासक्रमाच्या रकान्यात अनेक ठिकाणी संगणकाचा दोन श्रेयांकांचा पेपर असतो. प्रात्यक्षिकाच्या एका श्रेयांकाला ३० तास, म्हणजे दोन श्रेयांकांना ६०. हा आकडा ऐकायला भरपूर वाटतो. पण एका मशीनवर दोघे बसले की प्रत्येकाच्या वाट्याला ३० येतात, आणि त्यातून वीज, सुट्ट्या, परीक्षांचे दिवस वजा होतात. जोडीतला ज्याला आधीच थोडं येतं तो माउस धरतो, दुसरा पाहत राहतो. मुलींच्या बाबतीत हे जास्त घडताना पाहिलंय, आणि त्याचं मला फार वाईट वाटतं. प्रात्यक्षिकाला बसाल तेव्हा अर्ध्या वेळात जागा बदलून घ्या. लाजू नका, शिक्षकांना सांगा.

तरीही हा पेपर सोडू नका. श्रेयांक मिळतात हे आहेच, पण शंका विचारायला माणूस समोर असतो आणि वेगळी फी नसते. शिवाय एक गोष्ट बहुतेकांना ठाऊक नसते: कॉलेजने विद्यार्थ्यांना संस्थेच्या नावाचा ईमेल पत्ता दिला असेल, तर त्यावर मायक्रोसॉफ्टचं वेबवरचं वर्ड-एक्सेल किंवा गुगलचं डॉक्स-शीट्स मोफत मिळण्याची शक्यता असते. दोन्ही कंपन्यांच्या शैक्षणिक संस्थांसाठी मोफत योजना आहेत. कार्यालयात जाऊन एकदा विचारा.

आणि चौथी वाट

आयआयटी मुंबईचा 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्प आहे. साधारण दहा-दहा मिनिटांचे व्हिडिओ, लिबरऑफिसचे मराठीतही आहेत, आणि सगळं मोफत. पद्धत साधी: अर्ध्या स्क्रीनवर व्हिडिओ, अर्ध्यावर सॉफ्टवेअर, तो करतो तसं थांबवत-थांबवत आपण करायचं. सीसीसीचा अर्ज आणि हे व्हिडिओ ही जोडी मला स्वतःला सगळ्यात आवडते. पण घरी मशीन असेल तरच. मोबाइलवर व्हिडिओ पाहून एक्सेल येत नाही.

टायपिंगचं वेगळं आहे, त्याची यात सरमिसळ करू नका. लिपिक-टंकलेखक पदाला मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट असं प्रमाणपत्र लागतं. ते महाराष्ट्र राज्य परीक्षा परिषदेच्या संगणक टायपिंग परीक्षेतून मिळतं, एमएस-सीआयटीतून नाही.

खरंच काय यायला हवं

कुठूनही शिका, पण स्वतःला तपासायचं कसं, तर एक काम सांगतो. वर्गातल्या मुलांची यादी करा: नाव, पीआरएन (विद्यापीठाचा कायमचा नोंदणी क्रमांक), बँक खातं, पाच विषयांचे गुण. काही विद्यापीठांत पीआरएन सोळा आकडी असतो. तो तसाच टाइप करून एंटर दाबला की एक्सेल तो गुंडाळून काहीतरी ई-प्लस-पंधरा असा दाखवतो. चौकटीची रुंदी वाढवली, आकडा उलगडला, तरी शेवटचा अंक शून्य झालेला असतो. कारण एक्सेल संख्येतले पहिले १५ अंकच धरून ठेवतं, सोळावा गेला तो गेला. खातं क्रमांकाच्या सुरुवातीला शून्य असेल तर तेही नाहीसं होतं. अशी यादी शिष्यवृत्तीसाठी पुढे गेली तर त्या मुलाचे पैसे अडकतात, आणि चूक कोणाची ते महिनोन् महिने कळत नाही. उपाय अर्ध्या मिनिटाचा आहे: टाइप करण्याआधी तो स्तंभ निवडून त्याचा प्रकार 'टेक्स्ट' करायचा. कॅल्कमध्येही हेच.

मग बेरीज. कॅल्क्युलेटरवर करून आकडा टाइप करणारी मुलं मी अजून पाहतो. एका विषयाचे गुण बदलले की एकूण तसंच राहतं. सूत्र लावून खाली ओढता आलं, टक्केवारीसाठी एकूण गुणांची चौकट डॉलर चिन्हाने पक्की करता आली, आणि 'इफ'ने पास-नापास काढता आलं, तर समजा ऑफिसातलं रोजचं बरंचसं काम जमलं. पुढे हीच यादी वापरून मेल मर्जने प्रत्येकाच्या नावाचं पत्र काढून पाहा.

वर्डमध्ये तपासणी आणखी सोपी. एक अर्ज लिहा, तारीख उजवीकडे न्या, आणि मग समास बदला. तारीख उजव्या समासाला चिकटून राहिली नाही, की समजा तुम्ही ती स्पेसबार दाबून उजवीकडे नेली होती. मराठीसाठी युनिकोडच वापरा, म्हणजे कुठल्याही मशीनवर अक्षरं तशीच दिसतात. विंडोजमध्ये त्यासाठीचा इनस्क्रिप्ट हा मराठी कीबोर्ड आधीपासून असतो. जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेलं पत्र दुसऱ्या मशीनवर उघडलं की निरर्थक अक्षरं दिसतात.

मग निवडायचं काय?

घरी मशीन नाही, कीबोर्डला कधी हात लावलेला नाही, आणि घरून पाच हजार निघू शकतात: एमएस-सीआयटी, पहिल्या वर्षाच्या सुट्टीत. दुसरा विचार नको. घरी लॅपटॉप आहे आणि स्वतः अभ्यास करायची सवय आहे: सीसीसी आणि स्पोकन ट्युटोरियल. उरलेले सुमारे चार हजार चारशे टायपिंगच्या क्लाससाठी राखून ठेवा, लिपिक व्हायचं असेल तर. घरी मशीन नाही आणि पैसेही नाहीत, ही सगळ्यात अवघड स्थिती आणि तीच सगळ्यात जास्त मुलांची. त्यांनी कॉलेजचा पेपर घ्यावा, आणि लॅब सहायकाला विचारून तासिका नसलेल्या वेळी बसायची परवानगी काढावी. रिकामी मशीनं असतात, फक्त कोणी मागत नाही. असा सहा महिने हात बसला की ५९० रुपयांत सीसीसीचा अर्ज भरायचा. अर्ज, परीक्षा, निकाल यांत काही महिने जातात, तेव्हा तिसऱ्या वर्षाची वाट पाहू नका.

खासगी नोकरीच करायची हे पक्कं असेल तर मी प्रमाणपत्राआधी एक्सेलवर वेळ घालवायला सांगेन. पिव्होट टेबल (मोठ्या यादीचा गोषवारा काढायची सोय) आणि व्हीलुकअप (दुसऱ्या यादीतून माहिती शोधून आणणारं सूत्र) येणारा पदवीधर तालुक्याच्या गावातही मुलाखतीत वेगळा उठून दिसतो.

केंद्र निवडताना फलक पाहू नका. संध्याकाळच्या गर्दीच्या बॅचला जाऊन दहा मिनिटं उभे राहा. प्रत्येक मुलापुढे मशीन आहे का, वीज गेल्यावर काय करतात, आणि शिकवणारा माणूस मुलाच्या हातातला माउस स्वतः घेतो की त्याच्याकडून करून घेतो, एवढं बघा. पैसे मग भरा.