रील की राजगड: नववी-दहावीच्या सुट्टीचे दोन पर्याय

जून 2020 मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने भारतात रील सुरू केले. तेव्हापासून शाळकरी मुलांचा बराचसा मोकळा वेळ त्यातच जातो. मोजक्या सेकंदांत ठेका पकडणे, नेटके संकलन करणे ही खरी कौशल्ये आहेत आणि ती घरबसल्या शिकता येतात, हे मान्यच करायला हवे.

राजगडाची गोष्ट वेगळी. पायथ्याच्या गुंजवणे गावाहून चोर दरवाजाच्या वाटेने चढताना शेवटच्या टप्प्यात कातळातल्या पायऱ्या आणि आधाराचे लोखंडी कठडे लागतात. तिथे दोन्ही हात मोकळे हवेत, त्यामुळे मोबाइल आपोआप पिशवीत जातो, आणि मागच्या मित्राला पाय कुठे रोवायचा हे सांगण्याची जबाबदारी पुढच्यावर येते. वर पोहोचल्यावर पद्मावती तलावाकाठी डबे उघडले जातात, तेव्हा रंगणाऱ्या गप्पांची सर कोणत्याही कमेंटला नाही. युनेस्कोने 2025 मध्ये जागतिक वारसा यादीत घेतलेल्या 12 किल्ल्यांत राजगडही आहे.

माझा कौल अर्थातच गडाला आहे. मात्र पावसाळ्यात ही वाट निसरडी होते, म्हणून नवख्यांनी हिवाळ्यात, जाणत्या माणसासोबतच जावे. रील करायचेच असेल तर ते माचीच्या सपाटीवर करावे, बुरुजाच्या कडेवर नव्हे.