लॅपटॉप ऑनलाइन मागवायचा की सिल्व्हर मॉलमधून आणायचा?

यंदा भाचीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला आणि आमच्या इंदूरच्या राजेंद्रनगरमधल्या घरात पंधरा दिवस लॅपटॉप सोडून दुसरा विषय नव्हता. हवं ते मॉडेल तिनं ऑनलाइन शोधून ठेवलं होतं, साडेपंचावन्न हजारांत. आरएनटी मार्गावरच्या सिल्व्हर मॉलमध्ये त्याच मॉडेलचे एकोणसाठ सांगितले. चार दुकानं पुढे गेलो तर, "भिया, बिल मत लो तो बावन में उठा लो." लॅपटॉप एक आणि भाव तीन. तेव्हापासून कॉलनीतल्या आणखी दोन घरांनी हाच प्रश्न विचारला, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी तो बावन हजारांचा भाव निकालात काढू. लॅपटॉपवर १८ टक्के जीएसटी आहे. एकोणसाठ हजारांच्या पक्क्या बिलात पन्नास हजार मालाचे आणि नऊ हजार कराचे. बिल फाडलं नाही की दुकानदार त्या नवातले सात आपल्याला देतो आणि आपण त्या सात हजारांत वॉरंटीच धोक्यात घालतो. कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकून बघा. बरेचदा तिथे वॉरंटीची सुरुवात म्हणून माल कंपनीतून निघाल्याची तारीख दिसते. लॅपटॉप दुकानात पाच महिने पडून असेल तर आपले पाच महिने गेले. ती तारीख दुरुस्त करून घ्यायची तर कंपनी खरेदीचं बिल मागते. 'लॅपटॉप १ नग' लिहिलेली कच्ची चिठ्ठी तिथे कामाची नाही. शिवाय २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा ठरवली आहे. त्यामुळे बावन हजारांचा विचार मी कुणालाच करू देणार नाही, हातात कितीही तंगी असली तरी.

आता खरी निवड. साडेतीन हजार जास्त देऊन दुकानातून आणायचा, की घरी मागवायचा?

भांडण झालं तर

आमच्याकडची वडीलधारी मंडळी दुकानाच्या बाजूनं एकच मुद्दा मांडतात: उद्या काही झालं तर जाऊन भांडता तरी येतं, त्या ऑनलाइनवाल्याला कुठे शोधणार? जुन्या कायद्यात यात तथ्य होतं. तक्रार साधारणपणे समोरच्या पक्षाच्या गावी किंवा व्यवहार जिथे घडला तिथे करावी लागे, आणि ऑनलाइन खरेदीत 'व्यवहार घडला कुठे' यावरच वकील वर्षभर वाद घालत. नवा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला आणि हा मुद्दा संपला. कलम ३४ प्रमाणे तक्रारदार जिथे राहतो किंवा नोकरी-धंदा करतो, तिथल्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार करता येते. विक्रेता बंगळुरूचा असो की गुरुग्रामचा, भाचीची तक्रार इंदुरातच चालणार. मोजलेली किंमत पाच लाखांपर्यंत असेल तर फी शून्य. मुदत दोन वर्षांची. तक्रार आता ई-जागृती पोर्टलवरून घरबसल्या दाखल होते, आणि त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्रयत्न करता येतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. काही वर्षांपूर्वी मी स्वतः ऑनलाइन लॅपटॉप मागवला. दोन महिन्यांत स्क्रीनवर उभ्या रेघा आल्या. सर्व्हिस सेंटरनं 'फिजिकल डॅमेज' असा शेरा मारून चौदा हजारांचं एस्टिमेट हातात ठेवलं. ज्या साइटवरून घेतला ते म्हणाले, परतीची मुदत संपली, आम्ही फक्त मध्यस्थ, कंपनीशी बोला. तीन आठवडे मी दोघांमध्ये चेंडूसारखा फिरलो. शेवटी आधी नोटीस पाठवली, मग तक्रार दाखल केली. उत्पादक, विक्रेता आणि साइट असे तिघेही प्रतिवादी. दुसऱ्या तारखेच्या आत स्क्रीन फुकट बदलून मिळाली.

माझ्या बाजूनं काय उभं राहिलं, तर कागद. ऑर्डरचा ईमेल, बिल, पोचल्याची तारीख, चॅटमधलं प्रत्येक वाक्य, आणि डबा उघडताना काढलेला व्हिडिओ. यातलं बहुतेक मी जमवलंच नव्हतं, ते आपोआप साठलेलं होतं. दुकानात नेमकं उलटं होतं. "कुछ हुआ तो मैं बैठा हूँ" हे वाक्य तो मनापासून म्हणतो, माझ्या ओळखीचे दोघे-तिघे तर खरोखर बसलेले असतातही. पण त्या शब्दाची नोंद कुठेच राहत नाही, आणि दुकान बदललं किंवा मुलगा गल्ल्यावर बसायला लागला की तो शब्दही जातो. म्हणून दुकानातून घ्यायचा असेल तर त्याला तो शब्द लिहायला लावा. बिलावर सिरियल नंबर, आणि 'पंधरा दिवसांत दोष निघाल्यास बदलून' ही ओळ. तो म्हणेल, बिलाखाली तर 'बिका हुआ माल वापस नहीं होगा' छापलेलं आहे. छापलेलं असू द्या. सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत लिहिलीच नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं, हीसुद्धा कायद्यानं अनुचित प्रथाच आहे.

ऑनलाइन घेताना मात्र एक गोष्ट न चुकता बघा: 'विक्रेता' या शब्दापुढे कुणाचं नाव आहे. साइट म्हणजे मंडई, गाळा कुणाचा ते वेगळं. २०२० च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे विक्रेत्याचं नाव-पत्ता दाखवणं बंधनकारक आहे, तक्रार अधिकाऱ्यानं ४८ तासांत पोच द्यायची आणि महिन्याभरात तक्रार निकाली काढायची. ही मुदत लक्षात ठेवून लेखी तक्रार केली की पुढचं सोपं जातं. पैसे भरायच्या पानावर न मागितलेला विमा किंवा वाढीव वॉरंटी टोपलीत पडलेली दिसेल तर ती काढून टाका. ३० नोव्हेंबर २०२३ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी असल्या तेरा क्लृप्त्यांना मनाई केली आहे, 'फक्त दोनच शिल्लक' अशी खोटी घाई करणंही त्यातच येतं. आणि 'नो कॉस्ट' हप्त्यांवर बँक व्याजाचा जीएसटी वेगळा लावते. रक्कम छोटी असते, पण भाव ताडून बघताना धरा.

दुकानात मिळतं ते

कायदा दोन्हीकडे सारखाच चालतो म्हटल्यावर साडेतीन हजार कशाचे? हाताच्या अनुभवाचे. भाचीनं ऑनलाइन निवडलेलं मॉडेल सिल्व्हर मॉलमध्ये उघडून पाहिलं तेव्हा तिलाच ते जड वाटलं. कीबोर्ड मधोमध दाबला की लवत होता. झाकणाची बिजागरी सैल आहे की घट्ट, स्क्रीन उन्हात दिसते की नाही, हे फोटोत कळत नाही. चार वर्षं रोज पाठीवर न्यायच्या वस्तूचं वजन हातानंच कळतं. शिवाय रॅम वाढवून देणं, जुन्या कॉम्प्युटरमधला डेटा नव्यात भरणं, प्रिंटर जोडून देणं ही कामं दुकानदार करतो. आमच्या शेजारच्या काकूंना, ज्या फक्त मुलाशी व्हिडिओ कॉल आणि बँकेचं काम करतात, मी डोळे मिटून दुकानच सांगितलं. त्यांना साडेतीन हजारांत एक ओळखीचा माणूस मिळतो.

दुकानातला एक सापळा मात्र सांगायलाच हवा. काही मॉडेलं 'डॉसवाली' असतात, म्हणजे विंडोजशिवाय. चार-पाच हजार कमी सांगतात आणि वर "विंडोज हम डाल देंगे". ते विंडोज बहुधा चोरीचं असतं. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६३बी प्रमाणे जाणूनबुजून चोरीचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्याला किमान सात दिवसांची कैद आणि पन्नास हजारांपासून दंड आहे. हे कलम विकणाऱ्यासाठी नाही, वापरणाऱ्यासाठी आहे. घरी पोलीस येतील असं मी म्हणत नाही, पण असल्या चोरीच्या कॉपीबरोबर व्हायरस येऊ शकतो आणि मग बँकेचा पासवर्ड त्याच मशीनवर टाकायचा. डॉसवाला घ्यायचाच तर त्यावर विंडोजऐवजी चालणारं लिनक्स टाका, ते फुकट आणि कायदेशीर आहे. प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांना तर बरंच. इटलीत एका ग्राहकाला लिनक्सच वापरायचं होतं. त्यानं लॅपटॉपबरोबर आलेल्या विंडोजचे ४२ युरो लेनोवोकडे परत मागितले. कंपनीनं टाळाटाळ केली, प्रकरण मोंझाच्या कोर्टात गेलं आणि कंपनीला २० हजार युरो भरपाई द्यावी लागली. बेचाळीस युरोंसाठी इतकं चिवटपणे लढलेल्या त्या माणसाबद्दल मला फार आदर आहे.

आणि जुना?

कंपन्यांमधून निघालेले रिफर्बिश्ड लॅपटॉप वीस-पंचवीस हजारांत मिळतात आणि बांधणी नव्या स्वस्त लॅपटॉपपेक्षा मजबूत असते. फक्त प्रोसेसरची, म्हणजे आतल्या मुख्य चिपची, पिढी बघा. विंडोज १० ला कंपनीकडून मिळणारा आधार, म्हणजे नेहमीचे अपडेट, १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ला इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते. सहाव्या-सातव्या पिढीचा माल आता स्वस्तात फिरतोय तो याचमुळे. पक्कं बिल, बॅटरीची अवस्था आणि दुकानाची लेखी वॉरंटी मिळत असेल तर शाळेतल्या मुलासाठी हा पर्याय मला नव्यापेक्षाही आवडतो.

एक बारकावा धंदेवाल्यांसाठी. लॅपटॉप फर्मच्या जीएसटी नंबरवर घेतला तर कराचं क्रेडिट मिळतं, पण पुढे ग्राहक आयोगात 'व्यापारी हेतूनं घेतला, म्हणजे हे ग्राहकच नाहीत' असा आक्षेप येऊ शकतो. स्वतःच्या पोटापाण्यासाठी, स्वयंरोजगारासाठी घेतलेली वस्तू कायद्यानं त्यातून वगळली आहे, तरी ते आपल्याला सिद्ध करावं लागतं. घरच्या वापराचा असेल तर स्वतःच्या नावावर घ्या.

भाचीनं काय केलं? दुकानात तीन मॉडेलं हाताळली, जड वाटलेलं सोडलं आणि दुसरं, सव्वा किलोचं पसंत केलं. त्याचा ऑनलाइन भाव मोबाईलवर दाखवला. दुकानदार पूर्ण उतरला नाही, पण फरक अकराशेवर आला. बिलावर सिरियल नंबर आणि बदलून देण्याची ओळ त्यानं थोडं कुरकुरत लिहिली, खाली शिक्का मारला. तिनं तिथेच उभं राहून बिलाचा फोटो काढला, मला पाठवला, आणि मग पैसे दिले.