अण्णांच्या खिशातला प्लेअर : सात महिन्यांनंतर

दिवाळीत अण्णांसाठी, म्हणजे माझ्या वडिलांसाठी, १,८५० रुपयांचा एक साधा एमपीथ्री प्लेअर घेतला. घेतल्या आठवड्यात लिहायला बसलो असतो तर कौतुक करून मोकळा झालो असतो. आता जून उजाडलाय, मधल्या काळात प्लेअर दोनदा चुलीपाशी राहिला, एकदा सदऱ्यासकट बादलीत जाता जाता वाचला, आणि मला त्याच्या सगळ्या खोडी पाठ झाल्या. म्हणून आता लिहितो.

अण्णा ७२ वर्षांचे, प्राथमिक शाळेतून निवृत्त, कराडजवळच्या गावी राहतात. मोबाईल आहे, पण तो फोन घ्यायला आणि नातवंडांचे चेहरे बघायला. मोबाईलवर भजन लावून दिलं की अभंग रंगात यायला आणि मध्येच कर्जवाल्यांचा फोन यायला एकच गाठ पडायची. शिवाय बोट कुठेतरी लागायचं आणि भलतंच काहीतरी सुरू व्हायचं. "तुमच्या त्या काचेवर माझं बोट चालत नाही," हे त्यांचं म्हणणं, आणि ते खरंच आहे. त्यांना हवा होता टेपरेकॉर्डर, फक्त खिशात मावणारा.

ब्रँडचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण त्याने काही कळणार नाही. हाच साचा, हीच बटणं, फक्त पाठीवरचा शिक्का निराळा, असे चार प्लेअर मला पुण्यात तपकीर गल्लीतल्या एकाच काउंटरवर दिसले. ॲपलने पहिला आयपॉड २००१ मध्ये काढला आणि २०२२ मध्ये शेवटचाही बंद केला. त्यामुळे आता स्वस्तात जे मिळतं ते असंच, बिननावाचं. घेताना वस्तू बघायची, नाव नाही.

मी दोनच गोष्टी बघितल्या. एक, बटणं न बघता, नुसती चाचपून कळली पाहिजेत. दुसरी, बंद करून परत चालू केल्यावर जिथे थांबलं होतं तिथूनच सुरू झालं पाहिजे. दुसरी गोष्ट खोक्यावर कुठेच लिहिलेली नसते. दुकानदाराला म्हटलं, एक लांबलचक फाइल लाव, मध्यावर ने, बंद कर, परत चालू कर. तीनपैकी दोन प्लेअर मुकाट्याने पहिल्या गाण्यावर गेले. सिनेमाची गाणी ऐकणाऱ्याला याचं काही वाटणार नाही. पण दोन तासांचं कीर्तन पूर्वरंगातून रोज नव्याने सुरू झालं, तर माणूस आठवड्यात तो प्लेअर कपाटात टाकतो. दुकानदार जरा वैतागला, पण तिसरा प्लेअर पास झाला आणि तोच घेतला.

आवाजाच्या दर्जाबद्दल लोक फार चर्चा करतात. या किमतीत ती सोडून द्या. बोलणं स्वच्छ कळतं, पेटी पेटीसारखी वाजते, बास.

खरा खटाटोप पुढे होता. अण्णांकडे ६२ कॅसेटा. त्यातल्या निम्म्या गावच्या हरिनाम सप्ताहात स्वतः रेकॉर्ड केलेल्या, कुठेही विकत न मिळणाऱ्या. टेपरेकॉर्डरच्या इअरफोनच्या भोकातून लॅपटॉपपर्यंत वायर टाकली, ऑडासिटी हा फुकटचा प्रोग्रॅम घेतला आणि बसलो. यात घाई चालत नाही. ९० मिनिटांची कॅसेट उतरवायला ९० मिनिटंच लागतात, मध्ये उठून बाजू बदलायची. दर रविवारी तीन-चार कॅसेटा, असं मार्चपर्यंत चाललं. कीर्तनाला ६४ केबीपीएस मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच आवाज आणि फाइल लहान, एवढं पुष्कळ झालं, पूर्ण कॅसेट जेमतेम ४३ एमबीत बसते. म्हणजे सगळ्या कॅसेटा मिळून तीन जीबीच्या आत. हा हिशोब आधी केला असता तर ६४ जीबीच्या कार्डाचा हव्यास केला नसता.

ते कार्ड ऑनलाइन घेतलं, स्वस्त दिसलं म्हणून. विकत घेतलेले अभंग आणि नाट्यगीतंही त्यात कोंबली, तर निम्मी गाणी नुसतीच पुढे सरकायची, आवाज नाही. आधी दोष प्लेअरला दिला. मग एचटूटेस्टडब्ल्यू या प्रोग्रॅमने कार्ड तपासलं तेव्हा कळलं, वर लिहिलंय ६४ आणि आत जेमतेम आठ. पैसे परत मिळाले, पण दोन रविवार गेले. आता ३२ जीबीचं पावतीसकट घेतलेलं कार्ड आहे. कार्ड कुठूनही घ्या, गाणी भरण्याआधी तपासा.

क्रमाचा घोळ वेगळाच. फाइलींना ००१, ००२ असे आकडे दिले तरी प्लेअर भलत्याच क्रमाने वाजवायचा. हे स्वस्त प्लेअर नाव बघत नाहीत, कोणती फाइल कार्डावर आधी लिहिली गेली ते बघतात. ड्राइव्हसॉर्ट नावाच्या छोट्या प्रोग्रॅमने क्रम लावून दिला तेव्हा सुतासारखा सरळ आला. मराठीत नावं दिली तर पडद्यावर नुसते चौकोन येतात, म्हणून आकडेच ठेवले आणि आईने शाळेच्या जुन्या वहीत यादी केली : १ ते ४० कीर्तनं, ४१ पासून भजनं, पुढे नाट्यगीतं. ती वही आता प्लेअरपेक्षा जास्त जपली जाते.

सगळ्यात गमतीचा प्रकार जानेवारीत झाला. अण्णांचा फोन : "अरे, यातले बुवा कुठे गेले? नुसता तबलाच वाजतोय." मी ऐकलं तर गाणं व्यवस्थित. डोक्याला हात लावला. नंतर उजेड पडला. अण्णांना डाव्या कानाने फारच कमी ऐकू येतं, आणि ते रेकॉर्डिंग जुन्या पद्धतीच्या स्टिरिओचं, गाणारा बराचसा डावीकडे आणि तबला उजवीकडे. बुवा बिचारे रोज बहिऱ्या कानात गात होते! मग विकतच्या फाइलीही मोनो करून परत भरल्या, म्हणजे दोन्हीकडे सारखंच. वयस्कर माणसासाठी घेत असाल तर हे पहिल्याच दिवशी करा. कानात खुपसायची बोंडंही त्यांना सहन झाली नाहीत. कानावर ठेवायचा स्पंजचा हलका हेडफोन अडीचशे रुपयांत मिळाला, तो चालला.

तक्रारी. पाठीची क्लिप तिसऱ्या महिन्यात तुटली, आता आईने शिवलेल्या खणाच्या पिशवीत प्लेअर गळ्यात असतो. खोक्यावर बॅटरी ३० तास लिहिली होती, मला १४-१५ च्या वर कधी मिळाली नाही. अण्णांना तेवढ्यात चार-पाच दिवस जातात. चार्जिंगने मात्र एकदा घाबरवलं. दोन्ही टोकांना टाइप-सी असलेली मोबाईलची नवी केबल लावली, तर हू नाही की चू नाही. गेला, असंच वाटलं. जुन्या चपट्या यूएसबी टोकाची केबल लावल्यावर लगेच दिवा लागला. असल्या वस्तूत दोन बारके रेझिस्टर बसवायचे वाचवतात, त्यामुळे नव्या चार्जरला पलीकडे काही जोडलंय हेच कळत नाही. आता खोक्यातल्या केबलीला लाल दोरा बांधून ठेवलाय.

एफएम आहे, पण हेडफोनची वायर हाच त्याचा एरियल. वायर गुंडाळून ठेवली की खरखर, गच्चीत मोकळी सोडली की आकाशवाणी स्वच्छ. ब्लूटूथचा हेडफोन लावून एफएम लागत नाही म्हणून कोणी परत करायला जाऊ नका.

एक सांगायचं राहिलं. ज्यांना जुनी सिनेमाची गाणीच ऐकायची आहेत, त्यांनी यातलं काहीही करू नये. ५,००० गाणी आधीच भरलेला कारवाँ नावाचा रेडिओसारखा प्लेअर मिळतो, पैसे जास्त जातात पण घरात आणून बटण दाबलं की झालं. हा माझा प्रकार फक्त त्यांच्यासाठी, ज्यांच्याकडे स्वतःचं काही भरायचं आहे आणि भरून देणारं माणूसही आहे.

मी परत हाच घेईन का? हो. अण्णा सकाळी साडेपाचला फिरायला निघतात तेव्हा प्लेअर चालू करतात, मारुतीच्या देवळापाशी बंद करतात, दुसऱ्या दिवशी बुवा तिथूनच पुढे बोलायला लागतात. सात महिन्यांत एकदाही त्यांनी मला "हे कसं लावायचं" असं विचारलेलं नाही.

परवा मात्र फोन आला, २३ नंबरचं काल्याचं कीर्तन ऐन दहीहंडीपाशी तुटतं म्हणून. वही काढून बघितलं. त्या कॅसेटची दुसरी बाजू उतरवायचीच राहिली आहे. या रविवारी बसतो.